शहाणा ठरल्याची हकिगत

वेडं ठरायला फारसं काही करावं लागत नाही. शहाणं ठरायला मात्र वकील लागतो, डॉक्टर लागतो, न्यायाधीश लागतात, आणि एवढं होऊनही शेजारीण आपल्या पोराला दारातून आत ओढतेच. मी दोन्हीकडे जाऊन आलो आहे, म्हणून हे लिहितो. ज्यांच्या घरात असं कुणी आहे, किंवा जे स्वतःच ‘असं कुणी’ आहेत पण वाचण्याइतके भानावर आहेत, त्यांच्या उपयोगी पडलं तर पडलं.

मी पनवेलला मराठी शाळेत मास्तर होतो. घरही तिथेच, पण मूळ आम्ही उरणच्या वाटेवरचे, खाडीकाठचे मिठागरवाले. वडिलांच्या मागे मिठागर दोघा भावांच्या नावावर झालं. धाकटा हसुराम मीठ पिकवायचा, मी पोरं पिकवायचो. पीक त्याचंच चांगलं यायचं.

मोठं बोलणं

स्वातंत्र्य मिळून चार-सहा वर्षं झाली असतील, त्या सुमारास माझी बायको गेली. मूलबाळ नव्हतं. आमचं लग्न इतकं जुनं झालं होतं की भांडणंसुद्धा पाठ झाली होती. एकाने सुरुवात केली की दुसऱ्याने शेवट सांगायचा.

अस्थी घेऊन मी आणि हसुराम नाशिकला गेलो. तीर्थावर, गेलेल्या माणसाच्या नावाने एखादी आवडीची वस्तू सोडायची, अशी रीत. शहाणी माणसं कारलं सोडतात. गुरुजींनी मलाही सुचवलं, “पडवळ म्हणा. पुष्कळ लोक पडवळच म्हणतात.” पण मला काय अवदसा आठवली कोण जाणे! बायको नुकती गेलेली, चार लोक ऐकताहेत, आणि पडवळ तर मी तिच्या हयातीतही खात नव्हतो. मी म्हणालो, “मीठ सोडलं.”

गुरुजी दचकले. हसुराम कानाशी येऊन म्हणाला, “दादा, एवरं मोटं नको बोलूस. मीट सोरून कोन जगला हाय? तेपन आपल्या घरात?”

पण शब्द गोदावरीत पडला होता, आणि गोदावरी काही तो परत देईना.

घरी आल्यावर कळलं की मीठ सोडणं म्हणजे माणसं सोडणं. आठवडाभर लोकांनी कौतुक केलं. मग जेवायला बोलवायचं बंद झालं. अळणी माणसासाठी वेगळं रांधायचं कुणी, आणि त्याच्यासमोर लोणचं चाटायचं कसं? मी एकटा रांधायचो, एकटा गिळायचो. ‘जेवायचो’ म्हणवत नाही.

खारट औषध

झोप गेली. एका म्हाताऱ्या डॉक्टरांनी ब्रोमाइडचं मिश्रण लिहून दिलं. बाटलीवर मात्रांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली असायची, तसली. महिनाभर घ्या, मग दाखवायला या, असं त्यांनी बजावलं होतं. मी महिनाभर घेतलं आणि दाखवायला गेलो नाही. चिठ्ठी मात्र जपून ठेवली. एकदा या दुकानातून औषध बनवून आणायचं, एकदा त्या. झोप एका खुणेने येईना म्हणून दोन, मग तीन. पट्टीवर आणखी खुणा असत्या तर त्याही प्यायलो असतो.

खरं कारण सांगू का? ते औषध खारट लागायचं. मीठ सोडलेल्या माणसाच्या जिभेला दिवसातून एवढीच चव. औषधाने नवस मोडत नाही, हे माझं मीच ठरवलं होतं. लबाडीत मी मुळीच वेडा नव्हतो.

हळूहळू चालताना तोल जायला लागला. तोंडावर पुळ्या आल्या. बोलताना जीभ अडखळायची. लोकांनी साहजिकच जो अर्थ काढायचा तो काढला, ताडीच्या दुकानापाशी एकाने मला “आज लवकर का, मास्तर?” असं आपुलकीने विचारलं. एका रविवारी शाळा उघडून मी रिकाम्या बाकांना पावकीचा पाढा शिकवला. बाकं शांत बसली होती, म्हणून मला वाटलं, चला, शिस्त लागली.

मग बायको यायला लागली. दुपारी येऊन खाटेच्या कडेला बसायची, काही बोलायची नाही. भीती मुळीच वाटली नाही. उलट मी चहा दोन कप करायला लागलो. या आजाराबद्दल काही लपवायचं नाही असं ठरवलंय म्हणून लिहितो: ते दिवस वाईट नव्हते.

मिठागरात पाणी

चैत्रात मिठागर भरात होतं. कोंड्यांमध्ये, म्हणजे मिठाच्या वाफ्यांमध्ये, मीठ धरलेलं, बांधावर पांढऱ्या राशी. एका दुपारी मी गावी गेलो. उधाणाची भरती होती. खाडीचं पाणी आत घ्यायला किंवा अडवायला बांधात लाकडी दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. बायको बांधावर उभी होती आणि कोंड्यांकडे बघत होती. मला वाटलं, तिला त्या कोरड्या दिसताहेत. मी उघाडी वर ओढली.

हसुराम ओरडत धावत आला तोवर अर्ध्या राशी गेल्या होत्या. त्याने एकट्याने छातीभर पाण्यात उतरून दार बसवलं. वर आला तेव्हा त्याच्या अंगातून पाणी गळत होतं, आणि मी त्याला विचारलं, “तुम्ही कोण?”

हे मला आठवत नाही. मी ते पुढे कोर्टात ऐकलं.

हसुरामने एका डॉक्टरांना घरी आणलं. ते मुंबईकडचे होते आणि घाईत होते.

“आज वार कोणता?”

“तुमच्या तोंडाकडे पाहून सुतकी वाटतोय.”

“देशाचे पंतप्रधान कोण?”

“मला विचारून नेमलेले नाहीत.”

“तुम्हाला काही त्रास होतो का?”

“प्रश्न विचारले की होतो.”

मी आयुष्यभर असाच बोलत आलो होतो. शाळेत, बाजारात, लग्नात लोक हसायचे. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी लिहिलं: असंबद्ध उत्तरे देतो. विनोद ही कुणीतरी हसेपर्यंतच विनोद असणारी गोष्ट आहे, हे मला वयाच्या पन्नाशीत समजलं, आणि तेही उशिरा.

हसुरामने कोर्टात अर्ज केला. दादाची बुद्धी ठिकाणावर नाही, त्याला स्वतःचं आणि मिळकतीचं बघता येत नाही, तेव्हा त्याच्या देहाचा आणि मिळकतीचा पालक मला नेमावं, आणि गरज पडल्यास त्याला ठाण्याला ठेवण्याची परवानगी द्यावी. ठाण्याला म्हणजे कुठे, हे आमच्याकडे सांगावं लागत नाही.

तोवर मी गावी मिठाच्या वखारीत होतो. वखार रिकामी होती, ती माझ्यामुळेच. दाराला बाहेरून कडी. भावजय थाळी आत सरकवायची आणि दाराआडून मोठ्याने म्हणायची, “जेवला काय तो?” हे ती कुणाला विचारायची मला कळत नसे, आत मीच होतो. सगळे माझ्याबद्दल बोलायचे आणि माझ्याशी कुणीही बोलायचं नाही. मला वाटतं, माणूस निम्मा वेडा तिथे होतो. उरलेला निम्मा मी आधीच होतो.

बेलिफ

कायद्याची एक गंमत आहे. ज्याला वेडा ठरवायचं, त्याच्याच हातात नोटीस द्यावी लागते. कोर्टाचा बेलिफ उन्हातून आमच्या गावी आला आणि म्हणाला, “सामनेवाले कुठायत?”

हसुराम म्हणाला, “माज्या हाती द्या. तो वाचून काय करनार?”

“तुमच्या हाती कशी देऊ? अर्ज तुमचाच आहे. कडी काढा.”

कडी निघाली. मी नोटीस घेतली, सवयीने तिच्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका दाखवल्या आणि सही केली. बेलिफ निघाला, त्याच्या मागून मीही निघालो.

“ए, तू कुटं चाललास?” हसुराम म्हणाला.

“पनवेलला. साहेब एकटेच आहेत, सोबत होईल.”

हसुरामने बेलिफकडे पाहिलं. बेलिफ म्हणाला, “मला नोटीस द्यायचा हुकूम आहे. धरायचाही नाही आणि सोडायचाही नाही.” आणि आम्ही एकाच मोटारीने पनवेलला आलो. तो सगळ्यात मागच्या बाकावर बसला, मी सगळ्यात पुढे.

शनिवार

पनवेलला मला एकच वकील माहीत होता, इस्राएल आळीतले शमुवेल वकील. त्यांच्या दोन्ही मुलांना मी शिकवलं होतं आणि दोघं आता एकामागोमाग समुद्रापलीकडे इस्राएलला जाऊन राहिली होती. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्यांच्या दारात उभा राहिलो, नोटीस पुढे केली. त्यांनी ती हातात घेतली नाही.

“मास्तर, आज शनिवार, आमचा विसाव्याचा वार. आज मी कामाच्या कागदाला हात लावत नाही, लिहीतही नाही.”

मी वळलो.

“जाता कुठे? लिहायची बंदी आहे, ऐकायची नाही. बसा.”

मी बसलो. वकील लोक कसे ऐकतात हे मला ठाऊक होतं: डोळे कागदावर, लेखणी पुढे पळतेय, आणि आपण ‘मुद्द्यावर या’ची वाट बघतोय. या माणसाला त्या दिवशी लेखणीच नव्हती. त्यामुळे त्यांना माझ्याकडे बघण्यावाचून गत्यंतर नव्हतं. मी सकाळचा दुपारपर्यंत बोललो. मध्येच हरवलो की ते म्हणायचे, “उघाडीपर्यंत आला होतात.” बायको मरून किती काळ लोटला होता, आणि एवढा वेळ माझ्यासमोर कुणी बसलं नव्हतं. तिच्याशिवाय, म्हणजे.

वकिलीणबाईंनी पान वाढलं. आदल्या दिवशी रांधून ठेवलेलं नारळाच्या रसातलं कालवण आणि भात.

“मला चालणार नाही,” मी म्हणालो. “मी मीठ सोडलंय.”

“पथ्य आहे?”

“नवस.” आणि मी कोरडा भात खाल्ला, खिशातून बाटली काढली, तोंडाला लावली.

“ते काय?”

“झोपेचं.”

“दुपारी?”

“आता सकाळीही घेतो. चवीला बरं असतं.”

मी निघायला उठलो तेव्हा वकील म्हणाले, “बाटली इथे ठेवून जा, मास्तर. आणि जाऊही नका.”

दुसऱ्या दिवशी रविवारी त्यांनी आधी वकीलपत्रावर माझी सही घेतली. मी म्हणालो, “वेड्याची सही चालते का?”

“तुम्ही वेडे आहात हे अजून ठरायचं आहे. ठरेपर्यंत तुमची सही माझ्याइतकीच चालते.”

हे वाक्य मी पुढे कितीतरी दिवस मनात घोळवत होतो.

मग ते मला आणि बाटलीला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी बाटली हुंगली, माझ्या पुळ्या पाहिल्या, जीभ पाहिली, मीठ किती दिवस सोडलंय ते विचारलं आणि कपाळावर हात मारला. औषध शरीरात साचत गेलं होतं, आणि मीठ नसल्यामुळे बाहेर पडत नव्हतं, असं त्यांनी मला समजेल इतकं सांगितलं.

“मग आता यावर औषध?”

“मीठ.”

मी हसायला लागलो. डॉक्टर वकिलांकडे पाहायला लागले. वकील म्हणाले, “नाही, यावेळी हसण्यासारखंच आहे.” मात्र ते स्वतः हसले नाहीत. त्यांना मी कधीच हसताना पाहिलं नाही.

दवाखान्यात

सुनावणीपर्यंत डॉक्टरांच्या देखरेखीखाली राहावं, असं ठरलं. कोपऱ्यातली खाट मिळाली. ठरल्या वेळी मिठाचं पाणी, भाताबरोबर मीठ, पेजेत मीठ. पहिला घोट मी बराच वेळ तोंडात धरून ठेवला. नवस मोडत होता म्हणून वाईट वाटत होतं, आणि चव येत होती म्हणून त्याहून वाईट वाटत होतं.

शेजारच्या खाटेवर मोडलेल्या पायाचा एक आगरी म्हातारा होता. त्याला माझी हकिगत कुठून तरी कळली होती. पहिल्याच दिवशी त्याने विचारलं, “मास्तर, तुमी येडे हाव काय?”

“कोर्ट ठरवणार आहे.”

“आमचं बरं हाय बाबा. पाय मोरलाय ते दिसतंय तरी.”

त्याला भेटायला रोज गाव लोटायचं. ते लोक माझ्याकडे पाठ करून बसायचे.

सुरुवातीला सगळं आणखी बिघडलं, मग सावकाश सुधारलं. आधी पाय सरळ पडायला लागले, मग जीभ सुटली. आणि जसजसं हे होत गेलं, तसतशी बायको कमी यायला लागली. आधी रोज यायची, मग कधीमधी. आली तरी कडेला बसायची नाही, दारात उभी राहायची. एकदा पाठमोरी दिसली. डॉक्टर खुश होते. “उत्तम प्रगती,” ते म्हणायचे.

मी मिठाचं पाणी खिडकीतून ओतायला सुरुवात केली.

वकिलांना ते कसं कळलं माहीत नाही. बहुतेक म्हाताऱ्याने चुगली केली. ते संध्याकाळी आले, खाटेवर बसले.

“मास्तर, सुनावणी जवळ आलीय. तुम्ही असेच राहिलात तर मी हरेन. माझं काही जात नाही. तुम्ही मात्र त्या वखारीत जाल, नाहीतर ठाण्याला.”

“तिथेही ती येईल.”

“येईल. पण तिला दार कोण उघडणार? कडी बाहेरून असेल.”

ते उठले. “मी रागवायला आलेलो नाही. ठरवायचं तुम्हीच आहे. ठरवण्याचा हक्क तुमच्याकडे राहावा म्हणूनच मी भांडतोय. तो वापरायचा कसा, ते मी सांगणार नाही. एवढंच सांगतो, कोर्टात विनोद करायचा नाही. न्यायाधीश हसले तरी नाही. हसले तर मुळीच नाही.”

दुसऱ्या दिवशी मी पाणी प्यायलो. तिसऱ्याही दिवशी. त्यानंतर ती आली नाही.

कोर्टात

सरकारी डॉक्टरांनी जबानी दिली. त्यानंतर हसुराम उभा राहिला. मिठागर बुडालं, वर्षाची मेहनत गेली, हे तो सांगेल असं मला वाटलं होतं. त्याने तेही सांगितलं, पण भराभर. मग तो न्यायाधीशांकडे वळला.

“सायेब, मी पान्यातून वर आलो तवा दादा मना ‘तुमी कोन’ म्हनला. सख्ख्या धाकट्या भावाला कोन ‘तुमी’ बोलतो काय? जन्मात कदी बोलला नाय. तवाच मी समजलो, दादा गेला.”

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. मी मान वर केली नाही. माझ्याविरुद्धचा सगळ्यात खरा पुरावा तोच होता, आणि तो देणारा माणूस रडत होता.

मग माझी पाळी. त्याच्या वकिलांनी विचारलं, “मिठागरवाल्याने मीठ सोडलं, हे शहाणपणाचं लक्षण आहे का?”

तीन उत्तरं जिभेवर आली, तिन्ही उत्तम होती. मी म्हणालो, “नाही.”

“डॉक्टरांनी न सांगता औषध वाढवलंत?”

“हो. चूक झाली.”

न्यायाधीशांनी वार विचारला, मिठागराच्या सीमा विचारल्या, हसुरामचा वाटा कोणता, माझा कोणता, ते विचारलं. शाळेतल्या परीक्षेत पोरं कशी उभी राहतात ते मला प्रथमच समजलं. शेवटी त्यांनी कागद उलटला आणि जरा मऊ आवाजात विचारलं, “अर्जात लिहिलंय, तुम्हाला मयत पत्नी दिसते. खरं आहे का?”

हा प्रश्न वकिलांनी माझ्याकडून घोटून घेतला नव्हता. ‘कधीच दिसली नाही’ असं म्हटलं असतं तर सोपं होतं. मी शमुवेल वकिलांकडे पाहिलं. ते समोरच्या भिंतीकडे पाहत होते.

“दिसायची, साहेब,” मी म्हणालो. “आता दिसत नाही.”

“याचं तुम्हाला काय वाटतं?”

“बरा झालो असं वाटतं. आणि ती पुन्हा एकदा गेली, असं वाटतं.”

कोर्टात कुणी हसलं नाही. ते वाक्य विनोद नव्हतं, हे सगळ्यांना कळलं. माझ्या आयुष्यात असं फार कमी वेळा झालं आहे.

अर्ज नामंजूर झाला. मी स्वतःचं आणि मिळकतीचं बघायला समर्थ आहे, असं न्यायाधीशांनी सांगितलं. शमुवेल वकिलांनी कागद बांधले आणि “येतो, मास्तर” म्हणून निघून गेले. पुढे वर्षभरात तेही मुलांकडे गेले, कायमचे.

ज्यांना उपयोग होईल त्यांच्यासाठी

झोपेचं औषध आपल्या मनाने वाढवू नका. डॉक्टरांना सोडलेल्या सगळ्या गोष्टी सांगा, घेतलेल्याही. नोटीस आली तर फाडू नका, ती तुमच्या नावाने आली आहे याचाच अर्थ तुम्ही अजून कुणीतरी आहात. आणि घरच्यांनो, ‘जेवला काय तो’ असं दाराआडून विचारू नका. त्यालाच विचारा. उत्तर वाकडं आलं तरी चालेल.

त्या दिवशी कोर्टाच्या ओसरीवर हसुराम खांबाला टेकून उभा होता. मी जवळ गेलो.

“हसू.”

त्याने डोळे पुसले. “आता कुटं जाशील?”

“घरी.”

“घरी कोन हाय तुज्या? चल माज्यासंगं. वखारीत नाय, घरात झोप.”

जावंसं फार वाटलं. पण आत्ताच तर एका न्यायाधीशाने सांगितलं होतं की हा माणूस आपलं आपण बघू शकतो. लगेच भावाच्या मागून गेलो असतो तर सगळ्या पनवेलने म्हटलं असतं, बघा, नेला. आणि मलाही तसंच वाटलं असतं. “येईन,” मी म्हणालो. “मिठागर दुरुस्त करायला येईन. आज नको.”

तो मोटारीकडे गेला.

मी बाजारातून चालत घरी आलो. पाय सरळ पडत होते. कुलूप गंजलं होतं, जरा जोर लावावा लागला. आत पाऊल टाकलं आणि सवयीने म्हणालो, “आलो गं.”

उत्तर आलं नाही. कोर्टाचा निकाल अगदी बरोबर होता.